विषाणूकडे स्वतःचं असं काय असतं?

"काय वं पोरी, तू तं हेच शिकवते ना कॉलेजात? मंग सांग, पोरगं तीन दिवसांपासून तापानं फणफणून राहिलं, अन् डॉक्टर अँटिबायोटिक देऊनच नाही राहिले!"

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या मावशींनी मला जिन्यातच गाठलं. नातू आठ वर्षांचा. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत त्या आठवड्यात घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणावर होतं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली होती, ओआरएसचं पाणी पाजत राहा म्हणाले होते आणि रक्त तपासायला पाठवलं होतं. मावशींच्या मते हे काही औषध नव्हे. मी म्हटलं, "मावशी, व्हायरल आहे, अँटिबायोटिकनं काही होत नाही." त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "मंग व्हायरलचं औषध द्या ना!"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता आलं नाही. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. जगभरच्या प्रयोगशाळा गेली साठ-सत्तर वर्षं हाच प्रश्न सोडवत आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्याची काही फार सुंदर उत्तरं मिळाली आहेत. मावशींना नंतर बसून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

चिठ्ठी आणि आचारी

आपल्याला आजारी पाडणाऱ्या सूक्ष्म गोष्टींत दोन नावं सारखी ऐकू येतात: जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, आणि विषाणू म्हणजे व्हायरस. नावं सारखी वाटली तरी दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक मिलिमीटरची रेघ ओढली तर तिच्यावर साधारण हजारभर जिवाणू ओळीनं बसतील. डेंग्यूचे विषाणू बसवायचे तर वीस हजार लागतील.

पण खरा फरक आकाराचा नाही. जिवाणू म्हणजे एक पूर्ण बिऱ्हाड असतं. त्याला स्वतःची भिंत असते, स्वतःची चूल असते, तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूकडे यातलं काहीच नाही. विषाणू म्हणजे लिफाफ्यात घातलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आरएनए किंवा डीएनए नावाच्या रसायनाच्या अक्षरांत एक सूचना लिहिलेली असते, बस. डेंग्यूची चिठ्ठी जेमतेम अकरा हजार अक्षरांची आहे. माणसाच्या डीएनएचा एक संच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो.

आता लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. मागच्या बाजूला भट्ट्या पेटलेल्या आहेत आणि आचाऱ्याला एवढंच सांगून ठेवलंय, की आतून चिठ्ठी येईल तसं करत जायचं. चिठ्ठी कुणी लिहिली हे विचारायला त्याला फुरसत नसते. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हे असंच स्वयंपाकघर आहे. विषाणू दारातून आत शिरतो, लिफाफा उघडतो आणि चिठ्ठी आचाऱ्याच्या हातात पडते. तिच्यावर लिहिलेलं असतं: अशाच चिठ्ठ्या तयार करा, असेच लिफाफे तयार करा, एकात एक घाला आणि बाहेर पाठवा. आचारी कामाला लागतो. आपलाच गॅस, आपलंच पीठ, आपलंच तेल. काही तासांत त्या स्वयंपाकघरातून हजारो लिफाफे निघतात आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत शिरतात.

अँटिबायोटिकचा हात कुठे पोहोचत नाही

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं. ते जिवाणूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून औषध आपल्याला धक्का न लावता जिवाणूला मारतं. दुसरी काही अँटिबायोटिकं जिवाणूच्या आचाऱ्याचा हात धरतात. जिवाणूचा आचारी आणि आपला आचारी यांच्या घडणीत फरक आहे, तो फरक या औषधांना ओळखता येतो.

विषाणूला भिंत नाही. आचारी आहे, तो आपला. त्याचे हात बांधले तर विषाणू उपाशी राहील हे खरं, पण सगळं वऱ्हाडही उपाशीच उठेल.

म्हणून व्हायरल तापात अँटिबायोटिक घेऊन विषाणूचं काहीही बिघडत नाही. बिघडतं ते पोटातल्या उपयोगी जिवाणूंचं. शिवाय अंगातल्या बाकी जिवाणूंना त्या औषधाची ओळख होऊन बसते, आणि पुढे कधी खरंच जिवाणूचा न्यूमोनिया झाला तर तेच औषध चालत नाही. डॉक्टरांनी मावशींच्या नातवाला अँटिबायोटिक दिलं नाही, ही त्यांनी नीट विचार करून केलेली गोष्ट होती. पेशंट नाराज होऊन जाईल हे माहीत असूनही जे डॉक्टर असं करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

तरी थोडं स्वतःचं असतंच

मग संशोधक करतात काय? ते एकच गोष्ट शोधतात: विषाणूकडे स्वतःचं असं काय आहे? जे त्याचं आहे आणि आपलं नाही, तेवढ्यावरच घाव घालता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे नक्कल उतरवणारा कारकून. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए उतरवण्याची सोय आहे. पण डेंग्यू, कावीळ-सी, कोरोना यांची चिठ्ठी आरएनएची असते, आणि आरएनएवरून पुन्हा आरएनए उतरवण्याचं त्यांना हवं तसं काम आपल्याकडे कुणी करत नाही. त्यामुळे या विषाणूंना हा कारकून स्वतःच्या चिठ्ठीतूनच तयार करून घ्यावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला पॉलिमरेज म्हणतात, आपण कारकूनच म्हणू.

कावीळ-सी म्हणजे हिपॅटायटिस सी. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि माणसाला सिरोसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेतो. पूर्वी त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. अनेकांना ती जवळपास वर्षभर घ्यावी लागत, त्यांनी माणूस अर्धमेला व्हायचा आणि तरी पुष्कळांचा आजार जायचा नाही. २०१३ मध्ये सोफोसबुवीर नावाची गोळी आली. ती कारकुनाच्या दौतीत एक खोटं अक्षर टाकते. अक्षर दिसायला अगदी खऱ्यासारखं असतं. कारकून ते उचलतो, लिहितो, आणि त्याच्यापुढे त्याला दुसरं अक्षर जोडताच येत नाही. चिठ्ठी अर्धवट राहते. जोडीच्या दुसऱ्या गोळीसोबत बारा आठवडे घेतलं, की शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांच्या अंगातून विषाणू कायमचा निघून जातो. ताबा नव्हे, विषाणू पूर्ण नाहीसा. आपल्याकडे २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत मिळू लागले. इतकी मोठी गोष्ट घडली आणि चौकात तिची चर्चा झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट नागिणीची. नागीण उठली की आपल्याकडे अजून गेरू लावतात, मंत्र टाकणाऱ्याकडे जातात. नागीण हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात उठतो. त्यावर असायक्लोवीर हे औषध आहे. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. या औषधाची खुबी अशी, की निरोगी पेशीत ते झोपलेलं असतं. विषाणूचं एक स्वतःचं एन्झाइम आहे, त्याचा हात लागला तरच ते जागं होतं आणि तिथेच नक्कल थांबवतं. म्हणजे स्वतःचं कुलूप विषाणू स्वतःच्याच किल्लीनं लावून घेतो. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळी सुरू केली तर तिचा खरा फायदा होतो, म्हणून गेरू लावण्यात दिवस घालवू नयेत.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. एचआयव्हीच्या लिफाफ्याच्या आत चिठ्ठीभोवती एक शंकूसारखं कवच असतं. ते योग्य वेळी उघडावं लागतं आणि नवा विषाणू तयार होताना पुन्हा नीट जुळावं लागतं. लेनाकापवीर हे औषध या कवचाच्या फरश्यांमध्ये चिकटून बसतं आणि दोन्ही कामं बिघडवतं. वर्षातून फक्त दोन वेळा इंजेक्शन. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचे निकाल आले. ज्या २,१३४ तरुणींना हे औषध दिलं होतं, त्यांतल्या एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. एकीलाही नाही! पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, अमेरिकेनं लागण टाळण्यासाठी या औषधाला मंजुरी दिली. तिथे त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या घरात आहे. भारतीय कंपन्यांनी गरीब देशांसाठी ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये द्यायचं ठरवलं आहे. ही लस नाही आणि झालेला एचआयव्ही यानं बरा होत नाही. पण न झालेला होऊ नये म्हणून याहून चांगलं हत्यार आजवर हाती आलेलं नव्हतं.

मग डेंग्यूवरच का नाही?

हे सगळं ऐकून मावशींनी नेमकं हेच विचारलं. डेंग्यूलाही कारकून आहे. मग त्याच्या दौतीत खोटं अक्षर का टाकत नाहीत?

टाकून पाहिलं. अडचण वेळेची आहे. कावीळ-सी वर्षानुवर्षं अंगात असतो, त्यामुळे औषधाला भरपूर अवधी मिळतो. डेंग्यूत माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरकडे येतो आणि तोवर रक्तातले विषाणू आपले आपणच कमी होऊ लागलेले असतात. पुढचा धोका वेगळाच असतो. शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातला पाण्याचा अंश बाहेर निघून जातो. लिफाफे वाटून झाल्यावर कारकुनाला पकडून काय उपयोग? रुग्णांवर तपासलेली औषधं आजवर फिकी पडली, त्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं.

दुसरी अडचण कारकुनाच्या हस्ताक्षराची. आरएनए उतरवणारे बहुतेक कारकून लिहिलेलं पुन्हा वाचून पाहत नाहीत. साधारण दर नकलेत एखादी चूक राहून जाते. बहुतेक चुकांनी चिठ्ठी बाद होते, पण लाखांत एखादी अशी निघते की औषध तिला ओळखत नाही. एचआयव्हीच्या रुग्णाला एकाच वेळी दोन-तीन औषधं देतात ती यासाठीच. एक चुकवता येईल, तिन्ही एकदम चुकवणं फार कठीण.

आणि तिसरी अडचण पैशाची. मोस्नोडेनवीर नावाचं डेंग्यूवरचं औषध चाचण्यांत पुढे सरकलं होतं. ते लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायचं होतं, म्हणजे वेळेची अडचण सुटली असती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं आपले प्राधान्यक्रम बदलले आणि त्याची प्रत्यक्ष वस्तीतली चाचणी थांबवली. विज्ञान अडलं म्हणून ती थांबली नव्हती. डेंग्यूचे रुग्ण ज्या देशांत आहेत त्यांचे खिसे रिकामे आहेत, असं मला यामागे दिसतं. कंपनीनं तसं म्हटलेलं नाही, हा माझा निष्कर्ष.

चार भावांची लस

औषध नाही तर लस तरी? लस म्हणजे विषाणू येण्याआधी शरीराला त्याचा लिफाफा दाखवून ठेवणं. शरीर त्यावरून प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे त्या लिफाफ्याला चिकटणारे पहारेकरी.

डेंग्यूचे प्रकार चार. चार भाऊ म्हणा, तोंडवळा सारखा पण एक नाही. एकदा पहिल्या भावाची लागण झाली की त्याच्यापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. पुढे दुसरा भाऊ आला, तर जुने पहारेकरी त्याला ओळखल्यासारखं करून चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट शरीरातल्या काही पेशी चिकटलेले पहारेकरी बघून त्याला आत ओढून घेतात, आणि विषाणूला नेमकं तिथेच जायचं असतं. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू पुष्कळदा जास्त जड जातो.

ही गुंतागुंत फिलिपिन्सला फार महागात पडली. २०१६ मध्ये तिथे डेंगव्हॅक्सिया ही लस आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं, की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही अशा मुलांत पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. लस म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीनं पहिली लागणच ठरत होती. कार्यक्रम बंद झाला आणि लोकांचा विश्वास बाकीच्या लसींवरूनही उडाला.

आता घाई न करण्याचं कारण हेच. भारतात पॅनेशिया बायोटेक ही कंपनी आणि आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, यांची 'डेंगीऑल' ही चारही प्रकारांवरची, एकाच डोसची लस ऑगस्ट २०२४ पासून शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत आहे. पहिला डोस रोहतकला दिला गेला. दहा हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं आहे. अशाच घराण्यातल्या लसीला ब्राझीलनं २०२५ च्या अखेरीस मंजुरी दिली आहे.

"कोरोनाची लस वर्षात आली, ती कशी काय?"

ही शंका मी शंभर वेळा ऐकली आहे आणि ती रास्त आहे. कोरोनाला डेंग्यूसारखे चार भाऊ नव्हते, हे एक. पैसा आधीच ओतला गेला होता आणि एरवी एकामागून एक होणारे टप्पे शेजारी-शेजारी चालवले गेले, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे पायाभरणी जुनी होती. कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या संशोधकांनी एमआरएनएच्या, म्हणजे आचारी थेट वाचतो त्या आरएनए-चिठ्ठीच्या, अक्षरांत करायचा मुख्य बदल २००५ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्याचं नोबेल त्यांना २०२३ मध्ये मिळालं.

एमआरएनए लस म्हणजे विषाणूचीच युक्ती त्याच्यावर उलटवणं. चिठ्ठी आपण पाठवतो. तिच्यावर फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की लिफाफ्यावरचा शिक्का तेवढा तयार करा. आचारी शिक्का करतो, शरीर तो बघून ठेवतं, आणि चिठ्ठी थोड्या दिवसांत विरघळून जाते. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये हीच शिक्क्याची चिठ्ठी चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या सर्दीच्या विषाणूत घालून पाठवली होती. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा विषाणू होता.

कूलरच्या टाकीतली लढाई

डेंग्यूचा विषाणू माणसापर्यंत एडिस डासातून येतो, आणि डासाच्या पेशीही स्वयंपाकघरंच आहेत. मग तिथेच गर्दी करून ठेवली तर?

वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू निम्म्याच्या आसपास कीटकजातींमध्ये आपणहून राहतो. एडिस इजिप्तीमध्ये मात्र तो नसतो. शास्त्रज्ञांनी सुईनं तो एडिसच्या अंड्यांत घातला. वोल्बाकिया असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. विषाणूला लागणारी सामग्री, विशेषतः स्निग्ध पदार्थ, हा पाहुणा आधीच वापरतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. आईकडून तो अंड्यांत उतरतो, त्यामुळे डास सोडले की काही महिन्यांत वस्तीतले बहुतेक डास तसेच होतात. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात २४ भाग पाडून निम्म्यांत असे डास सोडले. तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्रानं असे डास तयार केल्याचं २०२२ मध्ये सांगितलं.

डास सोडायचे, हे ऐकूनच मावशी दचकल्या. पण रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासात वोल्बाकिया मुळातच असतो, आणि तो डास पिढ्यान् पिढ्या आपल्याला चावत आला आहे.

नागपुरात हे डास येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या हातात आहे कूलर. मे महिन्यात ज्याच्याशिवाय जगणं अशक्य, त्याच कूलरची टाकी पहिल्या पावसानंतर एडिसचं बाळंतघर होते. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. टाकी घासणीनं खरवडून घासावी लागते आणि वाळ्याच्या जाळ्या काढून टाकाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो या हिशेबानं.

नागपूरच्या नावाचा विषाणू

१९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. ती मुख्यतः चिकनगुनियाची होती, सोबत डेंग्यूही होता. रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात गेले, आजची एनआयव्ही ती हीच. तिथे दोन रुग्णांच्या रक्तात एक विषाणू निघाला, जो चिकनगुनियाही नव्हता आणि डेंग्यूही नव्हता. रुग्ण जिथले, त्या नागपूरजवळच्या गावाच्या नावावरून त्याला नाव मिळालं चांदीपुरा. (२०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना नव्या आजारांना गावाचं नाव देऊ नका म्हणते, कारण त्यानं गावाची उगाच बदनामी होते. आपल्या चांदीपुराला तो नियम पन्नास वर्षं उशिरा आला.)

बरीच वर्षं तो फारसा घातक मानला जात नव्हता. २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलं मेंदूज्वरानं दगावू लागली. एकट्या आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ गेली. तपास केला तर चांदीपुरा. त्यानंतर तो विदर्भात आणि गुजरातेत अधूनमधून येत राहिला. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले आणि ६४ जणांत चांदीपुरा पक्का सापडला.

हा विषाणू रेबीजच्या घराण्यातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. त्याच्या चिठ्ठीत फक्त पाच प्रथिनांची कृती आहे, कारकून त्यांतलाच एक. इतकं थोडं सामान, तरी सकाळी खेळणारं मूल एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊन जाऊ शकतं. आजही त्यावर खास औषध नाही, लस नाही. एनआयव्हीत निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस उंदरांवर तपासून झाली आहे. पण माणसांवरची चाचणी करायची कुठे? साथ कुठल्या तालुक्यात, कुठल्या पावसाळ्यात येईल ते ठाऊक नाही, आणि आली तरी काही आठवड्यांत ओसरते. रुग्ण खेड्यातली, मातीच्या घरातली मुलं. डेंग्यूत पैशाबद्दल जे म्हटलं, ते इथे दुपटीनं लागू पडतं.

एक गोष्ट मला नेहमी टोचते. चांदीपुराचा एक चुलतभाऊ आहे, गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा. त्याचं वरचं प्रथिन काढून तिथे इबोलाचं बसवलं आणि इबोलाची लस तयार झाली. २०१९ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. म्हणजे या घराण्याला हाताळायची विद्या आपल्याला येते.

चांदीपुरा पसरवते वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आवाज न करणारी, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी. ती मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाजवळ राहते. भेगा लिंपणं, शेण घरापासून लांब टाकणं, भिंतींवर फवारणी आणि मुलांना मच्छरदाणीत निजवणं, हे आज हातात असलेले उपाय. पावसाळ्यात मुलाला एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली, तर नागपुरातली मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं मोठं रुग्णालय, ताबडतोब. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

गोरेवाड्याचे वाघ

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीत कळलं, की तो बर्ड फ्लू होता, एच५एन१. पक्ष्यांचा विषाणू मांजरकुळात शिरला होता. अमेरिकेत एच५एन१ मार्च २०२४ पासून दुभत्या गाईंमध्ये सापडतो आहे. माणूस, गुरं आणि जंगल यांचे दवाखाने वेगळे असतात, विषाणूला ती वाटणी माहीत नाही. म्हणूनच नागपुरात 'वन हेल्थ' संस्था उभारायचं ठरलं. तिची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली, ज्या दिवशी समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं आणि एम्सचं उद्घाटन झालं. बातम्यांत समृद्धी राहिला आणि ही संस्था कोपऱ्यात गेली. माझ्या मते त्या दिवसातली ही फार महत्त्वाची गोष्ट होती.

या शहराला असं काम करता येतं. वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत २०२१ मध्ये डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटानं नाकात काडी न घालता, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून कोरोनाची आरटी-पीसीआर तपासणी करायची पद्धत काढली होती. आरटी-पीसीआर म्हणजे नमुन्यातली चिठ्ठी शोधून, तिच्या कोट्यवधी प्रती काढून वाचणं. गुळणी लहान मूलही न रडता करतं.

पपईचा पाला आणि प्लेटलेट

मावशींच्या नातवाचा रिपोर्ट आला, एनएसवन पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. त्याबरोबर घरात पपईची पानंही आली. काही छोट्या चाचण्यांत पपईच्या अर्कानं प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं आहे, पण त्यानं जीव वाचतो असं दिसलेलं नाही. रस कडू असतो, मुलं ओकतात आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. सगळ्यांचे डोळे प्लेटलेटच्या आकड्यावर असतात, पण जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाझरलेल्या पाण्यामुळे. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

पाचव्या दिवशी पोराचा ताप उतरला. मावशी खुशीत दप्तर भरायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं, कारण डेंग्यूत पाझर सुरू होतो तो बहुधा ताप उतरताना. पुढचे दोन दिवस पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, गळाठा किंवा लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं की तडक रुग्णालयात जायचं. मावशींनी नातवाची चौरेघी वही घेतली, तिच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले आणि दोन रात्री उशाशी बसून लिहीत राहिल्या: किती वाटी पाणी प्यायला, किती वेळा लघवीला गेला.